नानांनी बाद केलेला कोंबडा

वसंतनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. त्यांची लेक सुनंदा बोलत होती. "काका, नाना गेले... सकाळी चहा घेताना. साखर जास्त झालीय म्हणाले, आणि..." अखेरच्या वाक्यातही नानांनी निकालच दिला होता.

इंदिरानगरात आमची घरं समोरासमोर. नाना पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. जिल्ह्यात कुठेही कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं की परीक्षक म्हणून बोलावणं त्यांनाच. माझं अक्षर बरं, म्हणून गुण लिहायला ते मला सोबत नेत. कोंबडा दोन्ही हातांत धरून आदबीने म्हणत, "या साहेब, जरा पंख दाखवा." माणसांच्या वाट्याला हा सूर क्वचितच येई. परीक्षण चालू असताना सगळे मालक मांडवाबाहेर आणि पिंजऱ्यावर फक्त नंबर, हा त्यांचा कडक नियम. आता आपला पिंजरा आलाय हे नानांना कळावं म्हणून बाहेरून कुणी मुद्दाम खोकलं, तर नाना आतून ओरडत, "खोकल्याला गुण नाहीत!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सटाण्याच्या एका प्रदर्शनात चौदा नंबरच्या पिंजऱ्यात असील जातीचा एक कोंबडा होता. मान इतकी ताठ, की त्याच्यासमोर मीही नकळत सरळ उभा राहिलो. पाय पिवळेधमक. असे पाय दिसावेत म्हणून काही लोक हळद चोळून आणत, त्यामुळे नाना खिशात ओला रुमाल बाळगत. त्यांनी तो एका पायावरून फिरवला. रुमाल पिवळा झाला. "लिहा मास्तर. रंग लावलेला. बाद." मी लिहिलं. निकाल जाहीर झाला आणि मांडवात तावातावाने जे शिरले ते पिंपळगाव बसवंतचे तात्या, सुनंदाचे सासरे!

"व्याही, अख्ख्या गावाला सांगून आलो होतो हो मी!"

"चौदा नंबरला नातं नसतं," नाना मान वर न करता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला : व्याही माफी मागत नाहीत तोवर सून माहेरी येणार नाही. दिवाळी आठ दिवसांवर, आणि सुनंदाचा तो पहिला दिवाळसण. वहिनींनी, नानांच्या पत्नीने, त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी जेवायला असलो की मला म्हणत, "भावजी, परीक्षकांना विचारा, भात वाढू का?" नाना पानाकडे बघून म्हणत, "वाढा म्हणावं." असे चार दिवस काढल्यावर त्यांनी मला हाक मारली. "माफी मागणार नाही. फेरतपासणी करीन. चला."

साबणाची वडी आणि दोन कोरे रुमाल घेऊन आम्ही एसटीने पिंपळगावला पोचलो. तात्यांनी या-बसा केलं नाही. नानांनीही अपेक्षा केली नाही. अंगणातच कोंबडा मागवून त्यांनी त्याचे पाय साबणाने घासून धुतले, पुसले. रुमाल पांढराच राहिला. पाय मात्र तसेच पिवळेधमक... एका पायावर खरचटल्याची बारीक खूण दिसत होती.

"कुंपणाच्या काट्या लागल्या होत्या त्याला," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "मीच हळद लावली. प्रदर्शनात न्यायचं म्हणून औषध लावू नाय का?"

"मग सांगायचं होतंत."

"कुनाला सांगनार? तुम्ही तर समद्यांना मांडवाबाहेर हाकललं होतं!"

नानांनी कोंबडा दोन्ही हातांत उचलून घेतला. मग म्हणाले, "साहेब, माझं चुकलं." हे कुणाला उद्देशून होतं ते कुणी विचारलं नाही. तात्याच ओशाळले. "जाऊ द्या हो व्याही."

"जाऊ कसं द्या? पुढच्या वर्षी माइकवरून सांगणार."

"माइकवर? आता कुठं लोक इसरायला लागलेत! नका हो, पाया पडतो!"

सुनंदा दिवाळीला आमच्याबरोबरच एसटीने आली. जावई मागून आले. पुढच्या वर्षी नानांनी खरोखरच माइकवरून सगळी हकीकत सांगितली. तात्या तेवढा वेळ उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभे होते.

त्याच वर्षी नानांनी गुणपत्रिकेत पट्टीने एक नवा रकाना आखला : 'बाद करण्यापूर्वी मालकास विचारले काय?' पुढे तो छापूनच येऊ लागला. मग प्रत्येक मालक आत येऊन कोंबडीचं सगळं आजारपण सांगे. परीक्षण दुपारी संपायचं ते दिवस मावळेपर्यंत चाले, आणि नाना चिडत चिडत ऐकून घेत.

ते गेल्यानंतरचं पहिलं प्रदर्शन गेल्या रविवारी झालं. नवे परीक्षक शिकलेले, चटपटीत. अकरा नंबरच्या कोंबडीचं पीस चिमटीत धरून ते म्हणाले, "लिहा, बाद." मी पेन त्या रकान्यावर टेकवलं आणि थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं... आणि सुस्कारा सोडून मांडवाच्या दाराकडे गेले.

"अकरा नंबरचे मालक कोण आहेत? जरा आत या."