कोणी न पाहिलेलं गाणं

जव्हारला आमच्या संस्थेची एक खोली आहे. तिथे सर्व्हरला एसी आहे, मला पंखा. मोखाड्याच्या वरच्या पाड्यांवर नेटचा भरवसा नाही, म्हणून आसपासच्या शाळांना आणि ग्रामपंचायतींना व्हिडिओ आम्ही इथूनच वायरलेसवर पुरवतो. ते सांभाळणं माझं काम. खोडाळ्याला आमच्या घरी अजून सांगतात, पोरगा पिक्चर दाखवतो.

काम तसं कोठाराचंच. प्रत्येक व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे होतात. ते वेगवेगळ्या डिस्कवर पडतात आणि कुठल्या तुकड्यामागे कुठला, हे एका सूचीत राहतं. लोक सारखं बघतात ते वेगवान डिस्कवर, हाताशी. बाकीचं मागे, संथ डिस्कवर. वर्षभर कोणीच उघडलं नाही आणि जागा भरली, तर सर्व्हर ते आपोआप पुसतो. हा नियम ठाण्याच्या ऑफिसचा. हळदीतले डीजेचे नाच कायम हाताशी असतात, हे वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात पोशेऱ्याची एक बाई जीप बदलत बदलत आली. तिची आई धवलेरी होती. इकडे लग्नात भटजी नसतो, गाऊन लग्न लावणारी धवलेरी असते. म्हातारीचं गाणं आमच्याच लोकांनी तिच्या अंगणात रेकॉर्ड केलं होतं. त्यानंतर लवकरच ती गेली.

"दादा, आयशीचा गाणा लाव," ती म्हणाली. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही, मला ते आवडतं. "रविवारी पाड्यावर लगीन हाय. मलाच गायाचा हाय."

आई पुढे गायची आणि ही मागून म्हणायची, इतकी वर्षं तसंच चाललेलं. ओळीची सुरुवात कानावर पडली की तिला ती पूर्ण यायची, पण पुढची कुठली हे ठाऊक नव्हतं. ते एकट्या आईला ठाऊक होतं.

मी शोधलं. गाणं नव्हतं. नियमाने ते पुसलं गेलं होतं.

"वर्षभरात एकदाही बघितलं नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"कसा बघणार? दिवस झाले नव्हते ना."

त्यांच्या घरची रीत अशी की मेलेल्याचे दिवस होईपर्यंत त्याचा चेहरा बघायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, नाहीतर त्याचा पाय निघत नाही. दिवस घालायला सगळे भाऊ हवेत. एक भाऊ भिवंडीला, दुसरा वीटभट्टीवर, मग भातलावणी, मग पुन्हा भट्टी. वर्ष उलटलं आणि गेल्या आठवड्यात दिवस झाले. इतके महिने मन मारून त्या घरातल्या कोणी गाणं उघडलं नव्हतं. सर्व्हरला त्याचा अर्थ एवढाच कळला, की हे कोणाला नको आहे.

मला भयंकर राग आला. ठाण्याला फोन केला, तर साहेब म्हणाले, दुसरी प्रत ठेवायची डिस्क आता मंजूर झाली आहे. वरातीमागून घोडं. रेकॉर्डिंगचं मूळ कार्डही केव्हाच दुसऱ्या कामाला वापरलं होतं.

तिला बसवलं, चहा मागवला आणि पुसलेली जागा चाळत बसलो; वर नवं काही येईपर्यंत जुनं तिथे उरतं. सूची गेली होती, आणि बहुतेक जागेवर नवे व्हिडिओ येऊन बसले होते, त्यात नाचही होते. तुकडे निघाले ते थोडे आणि सुटे: कोंबडी हाकलणारा हात, खोकला, एका ओळीचा शेवट. दुपार उलटली तेव्हा जरा धड असा एक सापडला. मी तिला जवळ बोलावलं आणि तो लावला.

म्हातारी गाता गाता थांबते आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघते. "पुढला तू सांग गं," ती म्हणते.

कोणीतरी हसतं. तो आवाज माझ्या शेजारी बसलेल्या बाईचाच.

"मी कशाला? तू हायस ना."

तुकडा तिथेच संपला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला नाही.