धुराला वाट नव्हती

मिलिंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जरीपटक्याच्या बाजारात मुलीसाठी शाळेचे बूट बघत होते. जहाज कंपनीचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने आधी माझं नाव विचारलं, मग नातं. नंतर ‘बॉडी’ हा शब्द तो इतक्या सहज बोलून गेला, की दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय असं मला वाटलं... दुकानदाराने बूट पिशवीत भरले. मी ते घेऊन घरी आले. आई भाजी निवडत होती.

दादा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. आमच्या वस्तीतून समुद्रावर गेलेला तो पहिलाच. स्वभावाने फार तिखट. सुटीत आला की गल्लीतल्या मोटरसायकलचा आवाज ऐकूनच तिच्या मालकाला चारचौघांत झापायचा, “मारून टाकशीन गा हिले!” लोक त्याला टाळायचे, आणि गाडी बिघडली की त्याच्याचकडे यायचे.

शेवटच्या सफरीआधी त्याच्या जहाजाच्या धुराड्यात धूर धुणारं नवं यंत्र बसवलं होतं. हवा घाण होऊ नये म्हणून. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण धुराच्या त्याच वाटेवर, धुराच्या उष्णतेने पाण्याची वाफ करणारा बॉयलर होता, आणि त्याच्या नळ्यांवर काजळी दाटली होती. एके दिवशी व्हिडिओ कॉलवर तो नुसताच धुसफुसत होता.

“काहून चिडून राहिला गा दादा?”

“इंजिनचा धूर बाहेर जाऊन नाही राहिला वं. जुना धूर निघाला नाही, तर नवी हवा आत कुठून येईन? ताकद कमी, तेल जास्त, अन् सगळं तापून राहिलं. त्यानं अजून काजळी.”

“मग थांबवा ना जहाज.”

“रोज सांगून राहिलो ऑफिसले. एक दिवस थांबू द्या, नळ्या धुतो. नाही तर स्पीड तरी कमी करू द्या. ते म्हणतात, माल वेळेवर पाहिजे.”

पुढचं मला त्याच्या हाताखालच्या फिटरने, सावंतने, घरी येऊन सांगितलं. काजळीने आतल्या आत पेट घेतला. दादाने बाकीच्यांना खाली पाठवलं आणि सावंतबरोबर पाण्याचा पाइप धरून धुराड्याचं लोखंड थंड करत राहिला. एक नळी फुटली. वाफेने दादाला गाठलं. तो लगेच गेला नाही... संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता. बंदर लांब होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. जे थांबवा म्हणून तो रोज विनवत होता ते इंजिन अखेर थांबलं, आणि म्हणूनच त्याला कुठे नेता आलं नाही.

“पाणी मागत होते,” सावंत म्हणाला, “आणि मला शिव्या देत होते, पाइप का सोडला म्हणून.”

विहारातली वंदना झाल्यावर काही दिवसांनी कंपनीचे एक साहेब हार घेऊन आले. खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “नळ्यांची सफाई ही सेकंड इंजिनिअरचीच जबाबदारी असते. चौकशीत तसंच आलंय. पण आम्ही ते फार ताणणार नाही.” हे सगळं ते उपकार केल्यासारखं सांगत होते. मी तोंड उघडणार तोच आई बोलली.

“साहेब, माल पोचला का जी?”

एवढा सोपा प्रश्न आल्यावर साहेबांचा चेहरा मोकळा झाला. “हो, हो. दुसऱ्या जहाजावर चढवून पोचवला.”

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि त्यांच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेऊन आत गेली.

जाताना ते दादाचं सामान ठेवून गेले. त्यात त्याचा कामावरचा जाड सूट होता, कंपनीने धुऊन, इस्त्री करून पाठवलेला. एरवी सुटीत तो आला की या कपड्यांच्या डिझेलच्या वासावरून आई घर डोक्यावर घ्यायची, वेगळ्या बादलीत भिजवायची. आता तिने कॉलर नाकाशी धरली, मग बाह्या. मग सगळे खिसे उलटे करून हुंगले.

नुसता साबणाचा वास.

सूट दाराच्या मागे टांगलाय. आई अजून अधूनमधून त्याच्यापाशी जाते, हुंगते, आणि परत येते.