एका क्रियापदामागे धावलेले वसंतकाका

महिन्यापूर्वीची गोष्ट. कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसात एक बडे साहेब पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न पडद्यावर दाखवत होते, तेवढ्यात फोनवर शेजारच्या मधुराचा मेसेज आला : 'बाबा गेले. पहाटे, झोपेतच.' मी खोलीबाहेर आलो. काचेपलीकडून भाषण ऐकू येत होतं. दोन मिनिटांत साहेबांनी 'रन' हे क्रियापद चार वेळा वापरलं. मी मोजलं... ही खोड तिच्या बाबांनी, वसंतकाकांनीच लावलेली.

काका नागपूरच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर लेकीकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची फजिती झाली. नात इरा तेव्हा बारा वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, आणि इतकं झपाट्यानं की काकांना निम्मंही कळायचं नाही. "अर्ध्या नागपूरला मी इंग्रजी शिकवलं," ते मला म्हणाले, "आणि घरातल्या पोरीशी बोलायला मधुराला दुभाषी म्हणून बसवावं लागतं. असंच चाललं तर मी परत जातो. तिथं निदान दूधवाल्याशी तरी बोलता येतं."

जाण्याआधी मात्र त्यांनी अभ्यास सुरू केला. इराच्या तोंडी सतत येणारा एकच शब्द धरला, रन. आपल्याला तो क्रिकेटमुळे ठाऊक. इराकडे दूध संपलं तरी रन, नाक वाहिलं तरी रन, कुणी वर्गाच्या निवडणुकीला उभं राहिलं तरी रनच. काकांनी वही केली. शब्दकोश उघडायचा नाही, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला अर्थच लिहायचा, तोही त्या माणसाच्या नावासकट, असा नियम. त्यासाठी ते लायब्ररीत, औषधाच्या दुकानातल्या रांगेत, इंग्रजी न कळणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा करून कान टवकारून उभे राहत. तो चेहरा त्यांना फार छान जमायचा.

अर्थ मंजूर करायला पंच हवा, म्हणून इरा.

"नो, आजोबा! धिस इज सेम अ‍ॅज नंबर नाइन."

"सेम कसा? तिथं बस धावते, इथं दुकान चालतं."

"सेम. आउट!" आणि बोट वर.

काका हटायचे नाहीत. मग चालणं, वाहणं, पसरणं, संपणं असे शब्द एकेक करून मैदानात उतरायचे, कारण त्या एका इंग्रजी शब्दाचे तुकडे पाडायला मराठीच लागायची. पंचालाही ती हळूहळू वापरावी लागली. शब्दाचं मूळही इरानंच शोधून आणलं. "आजोबा, खूप आधी ते पाण्याचं पण होतं. पाणी पळायचं."

"वाहायचं," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी म्हटलं, "काका, व्युत्पत्तीनं डोळे भरून येतात?"

"गप रे. पोरगी आपणहून माझ्याशी मराठीत बोलली."

पुढे मराठी मंडळात एका शालवाल्या पाहुण्यांनी सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली, असं ठणकावून सांगितलं. काका उठले. "हा 'रन' आपल्या 'रीत'चा नातलग असावा, तिचाही मूळ अर्थ वाहणंच, असं काही जाणकार म्हणतात; काही नाही म्हणतात. लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. उगाच बाप होऊ नका." शाल पाहुण्यांकडेच राहिली, टाळ्या काकांना मिळाल्या. नागपूरचं तिकीट त्यांनी कधीच काढलं नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी मधुराकडे गेलो. नागपुरात तेव्हा रविवारची सकाळ असते, आणि त्या वेळी काका थोरल्या बहिणीला फोन करायचे. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडते. काका फोन कानापासून वीतभर लांब धरत. आता त्यांच्या खुर्चीत इरा बसली होती. फोन वीतभर लांब.

"आत्याआजी, हळू बोल ना यार! शेजारचे काका आलेत, त्यांना पण सगळं ऐकू येतंय... हो, जेवली मी. काय जेवली? थांब, सांगते..."

मधुरा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "चाळीस मिनिटं झाली. बाबासुद्धा दहात आटपायचे."