सत्कृत्यांची वही

आठवीत असताना आमच्या शाळेला नैतिकतेचा झटका आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलं बिघडत चालली आहेत असं मोठ्या बाईंच्या कानावर आलं आणि प्रत्येकीने एक वही घालून रोज केलेलं एक सत्कृत्य तीत लिहायचं असा फतवा निघाला. वह्या दर गुरुवारी मॉनिटरने गोळा करायच्या. मॉनिटर मी होते. दुसरं कोण असणार? बँकेत नोकरी करणाऱ्या वडिलांची, वळणदार अक्षराची, इंदिरानगरातली मुलगी.

पहिल्याच महिन्यात आमच्या वर्गाने अंदाजे चाळीस आंधळे रस्त्यापलीकडे नेले. त्या काळी आमच्या रस्त्यावर तासाला एक बस यायची आणि दिवसभरात एखादी म्हैस. आंधळा तर मी एकही पाहिला नव्हता. त्यांतले सहा मात्र मी एकटीने पलीकडे नेले होते. एकदा मला काही सुचेना, तेव्हा आईच म्हणाली, "काल पक्ष्यांना पाणी ठेवलंस ना? मग आज गाईला चारा घाल." मी तिथल्या तिथे, टेबलाशी बसून घातला. बाबांनी 'चारा'तला काना नीट काढायला लावला. शुद्धलेखनाच्या बाबतीत आमच्या घरी खोटं खपत नसे.

माझ्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी शहराबाहेरच्या पाथर्डी गावाकडची होती. घरची शेवंती आणि झेंडूची शेती. पहाटे फुलं तोडून, ती बाजारात जाणाऱ्या टेम्पोत चढवून मगच ती शाळेत यायची. तिच्या बोटांना झेंडूचा वास यायचा. अभ्यासात ती बेताचीच होती, पण खो-खोत तिला बाद करणं कुणाला जमत नसे. खांबाजवळ अशी वळायची की पाठलाग करणारी मुलगी हात पुढे करून नुसतीच उभी राहायची. जिल्ह्याच्या सामन्यांना आमचा संघ पहिल्यांदाच चालला होता, तो तिच्या जिवावर. त्या दिवसाची ती महिनाभर वाट बघत होती.

तिची वही मात्र कोरी होती. आणि मोठ्या बाईंनी जाहीर केलं, की जिची वही अपुरी ती संघात नाही.

"अगं, लिही ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय लिहू? मी काय केलंच नाय."

"सकाळपासून काय काय करतेस?"

"फुलं तोडली. पाणी भरलं. चुलतीला बरं नाय, तिचं पोरगं सांभाळलं, भाकरी टाकल्या."

"मग तेच लिही."

"ते तर काम हाय. सत्कृत्य थोडंच हाय?" तिने माझी वही ओढून चाळली. 'आज गरीब मैत्रिणीला माझा डबा दिला' या ओळीवर ती थांबली. "ही गरीब मैत्रीण कोण गं?"

"असते एक," मी म्हणाले. खरं तर रोज मधल्या सुट्टीत मीच तिचा ठेचा आणि भाकरी हादडायचे आणि माझी शिकरण-पोळी तिच्या पुढ्यात सरकवायचे. शिकरण मला मुळीच आवडत नसे.

गुरुवारी वह्या गोळा केल्या, तेव्हा मी तिची वही माझ्या दप्तरात घातली आणि घरी नेऊन भरली. तिला विचारलं नाही. कुणाचं भलं करायचं तर त्याला विचारायचं असतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं, पण भाषा काही मला आवरेना. 'वृद्धेच्या सुरकुतलेल्या मुखावरील हास्य पाहून मी कृतकृत्य झाले.' स्वतःच्या वहीत त्या दिवशी लिहिलं, 'आज मैत्रिणीला मदत केली.' महिन्याभरातली ती माझी पहिली खरी नोंद आणि तिचा मला अभिमानही वाटला.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी वर्गात येऊन तिला उभं केलं. "कृतकृत्य म्हणजे काय गं?"

बाईंनी वही तिच्यापुढे धरली.

"हे तूच लिहिलंस?"

तिने वहीत बघितलं. अक्षर कितीही वाकडं असलं तरी ते कुणाचं आहे हे तिला कळायला क्षणही लागला नाही. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावरचा सुविचार वाचत होते. तो सकाळी मीच लिहिला होता.

"हो बाई, मीच लिहिलं."

"खोटं बोलतेस?"

"हो बाई."

वर्ग हसला. मीही हसले, हे लिहिताना आज लाज वाटते. बाईंनी तिचं नाव संघातून काढलं आणि माझी वही आदर्श म्हणून वर्गभर फिरवली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगून टाकलं. आई क्षणभर गंभीर झाली. मग म्हणाली, "आता जाऊन सांगितलंस तर बाईंना किती वाईट वाटेल! तुझ्यावर किती विश्वास आहे त्यांचा." बाबांनी पेपर खाली ठेवला. तत्त्वतः सांगायलाच हवं, असं त्यांचं मत पडलं, पण परीक्षा तोंडावर असताना तत्त्वांना हात घालू नये असंही पडलं. "आणि तिला कुठे पुढे खेळायचंय?" आई म्हणाली. "सातवी-आठवीनंतर त्यांच्यात मुलींना घरीच बसवतात." आमच्या घरात कुणी कधी खोटं बोलत नसे. आम्ही फक्त सगळ्यांच्या मनाचा विचार करायचो. मला ते इतकं पटलं की मी दोन वाट्या आमटी-भात जेवले.

शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी संघाची जीप उभी होती. हातात यादी घेऊन मी नावांवर खुणा करत होते. जीप निघेपर्यंत एक वाक्य बोलायला मला चांगली वीस मिनिटं मिळाली होती. बाई चार पावलांवर उभ्या होत्या. मी एकेक खूण फार सावकाश, फार नीट केली.

तेवढ्यात ती चालत आली, गणवेशातच. तिच्या जागी घेतलेल्या मुलीला तिने स्वतःचे गुडघ्याचे पट्टे दिले. "इलास्टिक सैल झालंय, पिन लाव. आणि खांबाजवळ घाबरू नको, शेवटच्या पावलाला वळ." जीप सुरू झाली तशी ती तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडली, "जिंकून या गं!"

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. मला एकदम रडू फुटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखरच काही कळेना.

"तू कशाला रडते?" ती म्हणाली. "तुला कुठं खेळायचं होतं?"