चौथ्या युद्धाची पोच

परराष्ट्र खात्याच्या जावक टेबलावर चौतीस वर्षं काढलेल्या त्या कारकुनाला अख्खं ऑफिस पोचकाका म्हणे. काम एकच, पत्र न्यायचं आणि पोच आणायची. त्या पत्रांत तीन युद्धंही होती. हो, युद्धसुद्धा रीतसर कागदावर कळवायचं असतं! पहिल्या वेळी मंत्री स्वतः उभे राहिले होते, पाकिटावर लाखेची मोहोर होती. तिसऱ्या वेळी मसुदा जुन्याच फाइलीतला, देशाचं नाव तेवढं बदललेलं. रजेचा अर्ज तरी माणूस नव्याने लिहितो!

आज दुपारी अडीचला चौथं पाकीट पोचकाकांच्या हातात आलं, शेजारच्या देशाच्या नावाचं. त्याच देशात त्यांची मुलगी दिलेली. सकाळी मसुदा टाइप होताना बघितला, तेव्हाच त्यांनी तिला फोन केला होता, "आहेस तशी नीघ." साडेचारपर्यंत ती लेकराला घेऊन सरहद्दीच्या नाक्यावर येणार होती. आणि जुन्या कराराचा नियम असा, की पोचेवर जी वेळ पडेल, तिच्यानंतर तासाभरात नाका बंद.

दूतावास दहा मिनिटांवर. पोचकाकांनी पाऊण तास लावला. गुडघे दुखत होतेच म्हणा.

म्हाताऱ्या राजदूतांनी पत्र वाचून चष्मा काढला. "पुन्हा तुम्हीच?"

"मीच, साहेब. दुसरं कोण येणार?"

"आमचे फोन सकाळपासून बंद आहेत, तेव्हाच समजलो." त्यांनी पेन उचललं. "सव्वातीन लिहू ना?"

उभ्या नोकरीत पोचकाकांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "पाच लिहा, साहेब. माझी लेक वाटेत आहे. हात जोडतो."

राजदूतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी पाच लिहिलं. "आता पाचपर्यंत बसा इथेच. लवकर गेलात तर दोघांचीही नोकरी जाईल."

दोघे बसून राहिले. चहा आला, तसाच निवला.

साडेपाचला ऑफिसात पोच बघून खात्यातल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "पाच? अहो, आपली विमानं एक वाजताच गेली. नाका तर बारालाच बंद केला. कागदाची वाट बघत बसतं का कुणी आता?"

"मग मला कशाला पाठवलंत?" पोचकाका आयुष्यात पहिल्यांदा साहेबांवर ओरडले.

"फाइलला पोच लागते ना, काका."

ते टेबलाशी येऊन बसले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे माणसांचा गलका, त्यात लेकराचं रडणं.

"बाबा, कधीची उभी आहे हो मी. नाका उघडतच नाहीत. कितीतरी जण परत फिरले, मी नाही फिरले. मी सांगितलं त्यांना, माझ्या बाबांनी कागद दिल्याशिवाय युद्ध सुरू होत नाही. बाबा, तुम्ही दिला नाहीत ना अजून?"