गोधडीतला मायक्रोस्कोप

आमच्या मायक्रोस्कोपला माणसं सोसत नसत. खोलीत कोणी नुसतं उभं राहिलं तरी अंगाच्या उबेने त्याची धातूची चौकट इवलीशी फुगायची आणि पडद्यावरचे जीवाणू धुक्यात गडप व्हायचे. म्हणून आईने मला बेंगळुरूच्या थंडीसाठी दिलेली गोधडी मी त्याला गुंडाळली होती, आणि स्वतः राजाजीनगरच्या भाड्याच्या खोलीत कुडकुडत होते. आई फोनवर म्हणाली, "असू दे. पण त्यात तुला दिसतंय काय?"

"अजून काही नाही," मी म्हटलं.

मला एकच क्षण पाहायचा होता. साखर संपत आली की जीवाणूतलं एक जनुक चालू होतं आणि तो हिरवा चमकू लागतो. पण सगळे एकदम नाही. एक पेटतो, शेजारचा त्याचाच जुळा भाऊ ढिम्म. आधी कोण पेटतो, ते मला टिपायचं होतं. त्यासाठीच मी इथे पोस्टडॉक करत होते, आणि फेलोशिप महिनाअखेरीस संपत होती. मुदतवाढ द्यायची की घरी पाठवायचं, हे समिती ठरवणार होती. समितीने कळवलं, "प्रयोग प्रत्यक्ष पाहू." ते येणार, नेमकी त्याच दुपारी साखर संपणार होती.

मी हातापाया पडले, पडदा बाहेर लावून देते म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "पडद्यावर तर काय, घरीही बघतो आम्ही."

दाराशी सुरक्षारक्षक अण्णांना उभं केलं होतं. ते "स्वल्प निल्ली, सर", जरा थांबा, म्हणत आडवेही झाले. मग अध्यक्षांच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. "सरी, सरी", बरं बरं, म्हणत अण्णांनी दार उघडलं, आणि एवढं काय आहे ते बघायला स्वतःही आत आले.

जीवाणू लगेच पुसट झाले. मी सगळ्यांना श्वास रोखायला सांगितलं. समितीने खरंच गाल फुगवून श्वास रोखला. धुकं वाढतच गेलं.

"सर, फोकस गेलाय. यात काहीही दिसत नाहीये."

"वा!" अध्यक्ष पडद्याला नाक टेकवून म्हणाले. "हालचाल जाणवतेय मला."

समितीतल्या बाईंनी गोधडी कौतुकाने थोपटली. मग उरलासुरला फोकसही गेला आणि मंडळी चहा आणि मद्दूर वड्याकडे वळली.

खोली हळूहळू निवली. धुकं विरलं, तर पडद्यावर सगळेच्या सगळे हिरवेगार! कोण आधी पेटलं, ते त्या धुक्यातच होऊन गेलं होतं. कॅमेऱ्यातही नुसता राखाडी रंग. संतापाने मला रडूच आलं.

संध्याकाळी मेल आला. मुदतवाढ मंजूर झाली होती. कारण, समितीने निष्कर्ष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

रोजच्यासारखा आईचा फोन आला. "दिसलं का गं एकदाचं?"

"हो," मी म्हटलं. "समितीला दिसलं."