ताईंची वीत

वीत टाकायची आणि मग बोलायचं, ही ताईंची रीत. कोलकात्यात गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे कचेरीत नवं टेबल आलं आणि कुणी म्हणालं, "बाप रे, केवढं!" की ताई उठून उजव्या हाताच्या विती त्यावर टाकायच्या. "सहा विती. मापात बोला." कुणी फार कौतुक केलं तरी हेच, कुणी रडगाणं लावलं तरी हेच. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्यासमोर आपण थापासुद्धा बेतानं मारतो.

ताईंचा जन्म कोलकात्यातला. मी बदली होऊन आले तेव्हा पहिला डबा त्यांनीच दिला होता. मग त्यांच्या उजव्या हाताला काहीतरी झालं. कातडी आवळत चालली. बोटं आत वळत जातील आणि एक दिवस मूठ उघडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी ते आम्हाला सुट्टीची तारीख सांगावी तसं सांगितलं.

त्याच सुमारास कचेरीतली मंडळी एका रविवारी सकाळी मॉलमध्ये बोलिंगला गेली. क्रिकेटचं नव्हे, जड बॉलच्या भोकांत बोटं घालून तो घरंगळत सोडायचा आणि समोरच्या पिना पाडायच्या, ते. ताईंचा एकेक बॉल बाजूच्या पन्हळीत जात होता. शेवटचा कसा कोण जाणे मधून गेला आणि झाडून साऱ्या पिना आडव्या झाल्या. ताई आपल्या हाताकडे बघत राहिल्या.

"या हातानं जन्मभर नुसतं आवरलं गं," म्हणाल्या. "पाडलं आज पहिल्यांदा."

झालं, वेड लागलं. तिथले बॉल सगळ्यांचे. त्यांत ताईंची बोटं अडकायची. त्यांना आपल्या हाताच्या मापानं भोकं पाडलेला बॉल हवा होता. तिथला भोकं पाडून देणारा कारागीर परोपरीनं समजावत होता, "दीदी, अभी आपका थ्रो बैठा नहीं है. हाथ बदलेगा, तो माप ग़लत हो जाएगा."

"हाथ तो बदलेगा ही," ताई म्हणाल्या. "इसीलिए आज चाहिए."

माप द्यायला येताना त्यांनी हाताला तेल चोळलं, तो कढत पाण्यात धरला, टॅक्सीत गरम पाण्याची पिशवी कवटाळून बसल्या. कारागिरासमोर ओठ घट्ट दाबून पंजा असा ताणला, की जुनी वीत परत आली. जन्मभर मापात बोलणारी ही बाई, पण माप देताना खोटं बोलली.

बॉल आला, गडद निळा. तो त्या एका सकाळच्या हाताचा होता. मग दर रविवारी ताई थर्मास आणू लागल्या. आमच्या घोषबाबूंनी एकदा चहासाठी पेला पुढे केला, "दीदी, एकटु चा दिन ना!" आत नुसतं गरम पाणी. आम्ही पोट धरधरून हसलो, ताईही हसल्या. हसता हसता त्यांनी हात त्या पाण्यात बुडवला.

पण पाणी पुरेना. एका रविवारी त्या बाकावर बसून हात मांडीवर आपटत होत्या. "उघड, मेल्या! उघड ना रे!" मी घाबरले. इतकं हतबल झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पुढे आजार छातीत उतरला आणि ताई गेल्या. बॉल माझ्याकडे आहे. कारागीर म्हणतो, भोकं बुजवून तुमच्या मापाची पाडून देतो. मी नको म्हणते. माझी बोटं त्यात बसत नाहीत, आणि खरं तर त्यांचीही कधी धड बसली नाहीत.

फक्त शेवटच्या रविवारी बसली. पाणी संपलं होतं. "तू ओढ," त्या म्हणाल्या. मी एकेक बोट ओढून सरळ केलं. बोटं भोकांत गेली. ताई चार पावलं धावल्या, बॉल सुटला, आणि त्या गुडघ्यांवर कोसळल्या. चष्मा लांब उडाला.

"पडल्या का गं?" ताईंनी विचारलं.

कडेच्या दोन पिना ताठ उभ्या होत्या. "सगळ्या!" मी ओरडले.

ताईंनी डोळे बारीक करून तिकडे बघितलं. "मापात बोल," म्हणाल्या, आणि उठवायला तोच हात माझ्यापुढे केला.